खंजीर दिसावा की दिसू नये?

काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना एका वाक्यापाशी मी अडले. ‘मॅक्बेथला खंजीर एका मेलेल्या मुलाने दिला.’ मुलगी हुशार, एकही तास न चुकवणारी. तिनं हे कुठून आणलं ते मला लगेच कळलं, कारण तो चित्रपट मीच दाखवला होता. जस्टिन कर्झेलच्या २०१५च्या ‘मॅक्बेथ’मध्ये लढाईत मारला गेलेला एक कोवळा पोर मॅक्बेथसमोर येऊन उभा राहतो आणि खंजीर पुढे धरतो. प्रसंग अंगावर येणारा आहे, पण तो शेक्सपिअरनं लिहिलेला नाही. चूक मुलीची नव्हती. नाटक वाचून व्हायच्या आत मी चित्रपट लावला होता.

तेव्हापासून ‘वर्गात ‘मॅक्बेथ’चा कुठला चित्रपट दाखवू?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश त्यात कसा केलाय, ते पाहिलंत का?

तो प्रवेश आठवा. रात्र चढलेली, वाडा झोपलेला. राजा डंकनला मारायला निघालेला मॅक्बेथ एकटा आहे. समोर हवेत त्याला खंजीर दिसतो, मूठ त्याच्याच हाताकडे वळलेली. तो धरायला जातो, हाती काही लागत नाही, तरी खंजीर दिसतोच. मग पात्यावर रक्ताचे थेंब दिसू लागतात, जे आधी नव्हते. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, इथं खंजिराबद्दल एकही रंगसूचना नाही. पुढे मेजवानीच्या प्रवेशात मात्र मॅक्बेथनं मारवलेल्या बँकोचं भूत येऊन मॅक्बेथच्या जागी बसतं, असं स्वच्छ छापलंय. म्हणजे भूत रंगमंचावर येतं आणि खंजीर फक्त शब्दांत राहतो. चित्रपट करणाऱ्याला इथं काहीतरी ठरवावंच लागतं, आणि त्यानं काय ठरवलं यावरून तो नाटक कसं वाचतो ते कळतं.

रोमन पोलान्स्कीच्या १९७१च्या चित्रपटात खंजीर हवेत चकाकताना आपल्यालाही दिसतो. मला तो निर्णय पटत नाही. आपल्यालाही दिसला की ‘हा खरा आहे की माझ्या तापलेल्या डोक्यातला?’ हा मॅक्बेथचा प्रश्नच पातळ होतो. जोएल कोएनच्या २०२१च्या कृष्णधवल चित्रपटात डेन्झेल वॉशिंग्टन लांबलचक मार्गिकेतून चालत येतो, समोर काहीतरी लकाकतं, आणि जवळ गेल्यावर ती दाराची मूठ निघते. त्या दारातूनच त्याला खुनाकडे जायचंय. खरी वस्तू आणि भास एकाच ठिकाणी आणणं मला फार आवडलं.

पण पहिल्यांदा दाखवायला मी निवडते ट्रेव्हर नन यांचा प्रयोग. १९७६ साली स्ट्रॅटफर्डच्या एका छोट्या नाट्यगृहात तो झाला आणि १९७९ साली दूरचित्रवाणीवर आला. नेपथ्य जवळजवळ नाहीच. काळोख, चेहरे आणि शब्द. इयन मॅकेलनचा मॅक्बेथ, ज्युडी डेंचची लेडी मॅक्बेथ. खंजीर कुठेच नाही, आहेत ते मॅकेलनचे डोळे. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मुलांना ओळीवर बोट ठेवता येतं, हा वर्गात फार मोठा फायदा आहे.

लांबी आणि काटछाटही बघावी लागते. ऑलिव्हिएच्या १९४८च्या ‘हॅम्लेट’मध्ये रोझेनक्रँट्झ आणि गिल्डेनस्टर्न ही दोन पात्रं नाहीतच, तर ब्रानाचा १९९६चा ‘हॅम्लेट’ चार तासांचा आहे. ‘मॅक्बेथ’ मुळात आटोपशीर, म्हणून तिथं हा त्रास कमी.

एक मात्र कळकळीनं सांगते. निवडलेला चित्रपट शेवटपर्यंत स्वतः बघितल्याशिवाय वर्गात लावू नका. पोलान्स्कीच्या चित्रपटात झोपेत चालणारी लेडी मॅक्बेथ विवस्त्र आहे आणि मॅक्बेथविरुद्ध गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या घरची कत्तल पाहवत नाही. मोठ्या मुलांसाठी मी तरीही त्याचा शेवट दाखवते. सगळं संपल्यावर डंकनचा धाकटा मुलगा डोनलबेन एकटाच, मॅक्बेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींच्या ठिकाणी जातो. संहितेत हे नाही, आणि त्यावर वर्गात जो वाद पेटतो तो तास संपला तरी संपत नाही. ‘मॅक्बेथ’वर बेतलेला कुरोसावाचा १९५७चा जपानी चित्रपट मी सर्वांत शेवटी ठेवते. त्यात शेक्सपिअरचे शब्दच नाहीत, त्यामुळे ते शब्द कानात असलेल्यालाच त्याची खरी ताकद कळते.

आता मी आधी स्वगत मोठ्यानं वाचून घेते. मग प्रत्येकानं वहीत लिहायचं, खंजीर दाखवायचा की नाही, दाखवायचा तर कुठे. त्यानंतर तीन चित्रपटांतली तेवढीच काही मिनिटं, एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासकट. गेल्या खेपेला आवाज बंद होता. मॅकेलन काळोखात एका जागी टक लावून बघत होता, आणि मधल्या बाकावरच्या एका मुलानं हळूच मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं.