‘परवा दाखवून जा’

मंडळी, नमस्कार.

वाचनालयाच्या कार्यकारिणीनं मला ‘डॉक्टर आणि वडील’ असा विषय दिला, तेव्हा त्यात मी थोडी मोकळीक मागून घेतली. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, चांगुलपणाची एखादी तरी आठवण या सभागृहातल्या बहुतेकांकडे आहे. त्या मी पुन्हा सांगत बसणार नाही. मला त्यांच्या वैद्यकीबद्दल बोलायचं आहे. ‘माणूस चांगला होता म्हणून लोक जायचे’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाचं कसब झाकून टाकतो. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पण शाळेच्या सुट्टीत त्यांच्या दवाखान्यात बसून औषधाच्या पुड्या बांधल्या, मिक्श्चरच्या बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्टीला कात्रीनं खाचे पाडायचे, दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस. तिथे बसून जे दिसलं त्यावरून बोलते आहे.

अप्पा पुण्याहून एम.बी.बी.एस. होऊन साठच्या दशकाच्या सुरुवातीला चिपळुणात आले. तपासायला हातात काय होतं? स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, थर्मामीटर, टॉर्च. साधी रक्त-लघवी इथे व्हायची, त्यापुढचं काही हवं असेल तर कोल्हापूर नाहीतर मुंबई. आणि तरीही निदान बरोबर यायचं. कसं? माझ्या मते त्याचं उत्तर त्यांच्या एका वाक्यात आहे, जे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पेशंट उठला की ते म्हणायचे, ‘परवा दाखवून जा.’

हे निरोपाचं वाक्य नव्हतं, तपासणीचाच भाग होता. पहिल्या दिवशी सगळे ताप सारखेच दिसतात. टायफॉइडची विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा काहीच सांगत नाही, कारण रक्तात अँटिबॉडी तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. गोवराचा पुरळ ताप आल्यावर तीन-चार दिवसांनी उमटतो. कावीळ डोळ्यांत उतरायच्या आधी नुसतीच मळमळ असते आणि अन्नावरची वासना उडालेली असते. अप्पा पहिल्या दिवशी धोक्याची चिन्हं बघायचे. मान ताठ आहे का, श्वास किती, लघवी होते का, मूल खेळतंय की मलूल पडलंय. ती नसली तर साधं औषध द्यायचे आणि आजाराला स्वतःची ओळख सांगू द्यायचे. परवा ते मूल पुन्हा समोर आलं की त्यांच्याकडे तुलना असायची. परवाचं मूल आणि आजचं मूल. ही तुलना कुठल्याही यंत्रात मिळत नाही. मोठ्या शहरात कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला हा पेशंट उद्या दिसणार नसतो, त्यामुळे त्याला सगळं आजच तपासून घ्यावं लागतं. त्याचा त्यात दोष नाही. अप्पांना थांबता यायचं, कारण परवा तेही इथेच असणार होते आणि पेशंटही.

थांबायची किंमत त्यांनी मोजली. ‘सुई मारा’ हा आग्रह तेव्हाही होता. बी कॉम्प्लेक्सची लाल सुई घेतल्याशिवाय बरं वाटणार नाही असं लोकांना मनापासून वाटायचं. अप्पा नाही म्हणायचे. मग माणूस उठून दुसरीकडे सुई घ्यायचा आणि गावात सांगायचा की हे डॉक्टर नुसत्या गोळ्या देतात. सुरुवातीची काही वर्षं आमच्या घरात त्यामुळे खरोखर ओढाताण होती. आईनं ती काढली. ती कधी म्हणाली नाही की द्या ना एक सुई, काय बिघडतं. त्या काळात काचेच्या सिरिंज आणि त्याच त्याच सुया उकळून वापरत. नीट उकळल्या नाहीत तर एकाची कावीळ दुसऱ्याला जाते हे अप्पांना ठाऊक होतं, आणि आईला त्यांनी ते समजावलं होतं.

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ यायची तेव्हाही हेच. लोकांना सलाइन हवं असायचं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं आणि त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, साखर आणि सोडा घातलेलं पाणी पाजायला सुरुवात केली. तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं शेकडा प्रमाण चारच्याही खाली आलं. अप्पांनी हे वाचल्यावर दवाखान्याच्या ओटीवर मुलांच्या आयांना बसवून शिकवायला घेतलं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग पुन्हा चमचा-चमचा. भाताची पेज आणि मीठ आपल्या घरात होतंच, आता तिला शास्त्राचा आधार मिळाला. एकेका आईपाशी ते बसून राहायचे. बाहेर रांग वाढायची. पुढच्या पावसात त्या आया दवाखान्यात यायच्याच नाहीत, घरीच निभावून न्यायच्या. यात त्यांचं उत्पन्न घटलं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

पण अप्पांचं मोठेपण फक्त थांबण्यात होतं असं मी म्हटलं तर ते अर्धंच होईल. कुठे थांबायचं नाही हेही तितकंच नेमकं ठाऊक लागतं. आपल्याकडे त्याची दोन नावं आहेत, फुरसं आणि विंचू.

फुरसं हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा जुना वैरी. जेमतेम फूट-दीड फुटाचा साप, पण त्याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. ते कळायला एक चाचणी आहे, तिला फक्त काचेची नळी लागते. पेशंटचं थोडं रक्त नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, सापाची लस द्यायलाच हवी. नळी कोरडी आणि नवी लागते, साबणानं धुतलेली चालत नाही, कारण साबणाच्या अंशानंही रक्त गोठत नाही आणि फसगत होते. म्हणून आमच्या घरी त्या नळ्या वेगळ्या डब्यात असायच्या आणि त्याला हात लावायची मला बंदी होती. ती वीस मिनिटं अप्पा पेशंटजवळून उठायचे नाहीत. तोवर बाहेर गाडीची जुळवाजुळव चाललेली असायची, कारण चाचणी काही म्हणो, पेशंट सरकारी दवाखान्यात जाणारच असायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारींवर चालणारी लस परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून बनायची. ती जवळ कुठे शिल्लक आहे याची खबर अप्पा ठेवून असायचे.

विंचवाचं दुःख निराळं होतं. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घ्यायचा तो लहानसा लाल विंचू. पेंढा उचलताना, लाकडं काढताना, रात्री अंथरुणात चावायचा. मूल यायचं ते घामानं थबथबलेलं, उलट्या होत असलेलं, हातपाय बर्फासारखे गार. काही तासांनी छातीत पाणी भरायचं, तोंडाला लालसर फेस. साठ-सत्तरच्या दशकात यावर डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. उलट्या-घाम थांबावा म्हणून ॲट्रोपिन दिलं जायचं, आणि पुढे कळलं की त्यानं हृदयावरचा ताण वाढतोच. डोंगरातल्या धनगरवाडीवरून घोंगडीच्या डोलीत आणलेली मुलं आमच्या ओटीवर गेली आहेत. त्या रात्री अप्पा जेवायचे नाहीत. आम्ही त्यांच्याशी बोलायचो नाही.

मग महाडहून बातमी आली. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि त्यांनी हे रोगी रात्र-रात्र बसून नोंदवले. या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं. तेव्हा त्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पूर्वी जिथे गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस जायचे, तिथे एक-दोनच दगावू लागले. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचं आहे ते हे, की ती गोळी स्वस्त होती, तोंडानं घ्यायची होती, आणि आपल्यासारख्याच एका गावात बसलेल्या डॉक्टरनं तिचा हा उपयोग शोधला होता. अप्पांनी त्या दिवशी सगळ्या जवळच्या डॉक्टरांना सांगितलं, गोळ्या मागवल्या, आसपासच्या शाळामास्तरांना चिठ्ठ्या पाठवल्या की विंचू चावलेलं मूल रात्री कितीही वाजता आणा, सकाळची वाट पाहू नका. माझ्या आठवणीत त्यांचा एवढा आनंदलेला चेहरा दुसरा नाही.

गिरणी संपाबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे पैसा मनीऑर्डरनं यायचा. औषधाची उधारी शिमग्याला आणि गणपतीत फिटायची, चाकरमानी घरी आले की. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्या बंद झाल्या आणि मनीऑर्डरी थांबल्या. त्या वर्षी अप्पांनी उधारीची वही कपाटात ठेवली आणि आईला सांगितलं की कुणालाही विचारायचं नाही. गावी परतलेल्या पुरुषांमध्ये क्षयाचे रोगी होते. क्षयाचं औषध तेव्हा वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणूस औषध सोडतो. तिथेच घात होतो, कारण उरलेले जंतू मग त्या औषधांना दाद देत नाहीत. अप्पांची ‘परवा’ इथे ‘पुढच्या महिन्यात’ व्हायची, आणि आला नाही तर एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप जायचा. निरोपात आजाराचं नाव कधी नसायचं. ‘डॉक्टरांनी बोलावलंय’ एवढंच. क्षयाचं नाव फुटलं तर घरातल्या मुलीचं लग्न अडायचं, हे त्यांना माहीत होतं.

हाच नियम घरात होता. जेवताना पेशंटचं नाव निघायचं नाही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरात काय चाललंय ते अप्पांना माहीत असायचं आणि मला नसायचं. वडील म्हणून ते फार थोडे वाट्याला आले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते आले तरी मध्येच कुणीतरी येऊन त्यांना उठवून न्यायचं. आम्ही भावंडं आजारी पडलो तर ते स्वतः औषध द्यायचे नाहीत, दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायचे. स्वतःच्या मुलाकडे बघताना डोळे नीट बघत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मग ते डॉक्टर गेल्यावर उशाशी येऊन बसायचे आणि तेव्हा ते पूर्ण आमचे असायचे. मला लहानपणी तापाचा कधी राग आला नाही, तो त्यामुळे.

एक गोष्ट सभेत सांगावी की नाही, यावर मी विचार केला. सांगते. नव्वदच्या दशकात तपासणी केंद्रं वाढली आणि एका केंद्राकडून घरी पाकीट आलं. अप्पांनी पाठवलेल्या पेशंटांमागचा त्यांचा हिस्सा. अप्पांनी ते परत पाठवलं आणि सोबत लिहिलं की ही रक्कम पेशंटच्या बिलातून कमी करा. ती कमी झाली की नाही मला ठाऊक नाही, पण त्यांनी तिथे पेशंट पाठवणं थांबवलं. डॉक्टरांनी असं कमिशन घेऊ नये असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी कट प्रॅक्टिस चालू आहे. ‘थांबू या’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर पेशंटनं विश्वास का ठेवावा? कारण तपासणी केली काय, न केली काय, डॉक्टरच्या खिशात फरक पडत नाही, हे त्याला माहीत असतं म्हणून. ते पाकीट घेतलं असतं तर त्यांचं थांबणंही बाद झालं असतं आणि ‘आत्ता निघा, वेळ घालवू नका’ हेही.

२६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी दवाखान्यात शिरलं. सगळे केसपेपर चिखलात गेले. तेव्हा अप्पांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, हात कापू लागलेला. त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं, पण लगेच नाही केला. जुन्या पेशंटांना एकेक करून बोलावलं आणि आठवणीतून प्रत्येकाचा एक कागद लिहिला. कधीपासून साखर, कोणती गोळी सोसत नाही, कोणतं ऑपरेशन झालंय, घरात हृदयविकार कुणाला होता. खाली लिहायचे, यापुढे अमुक डॉक्टरांना दाखवा, मी त्यांच्याशी बोललो आहे. आणि खरोखरच ते त्या त्या डॉक्टरांकडे जाऊन बोलून यायचे. हे काम बरेच महिने चाललं. अक्षर वाकडं व्हायचं म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे, सही त्यांची. एवढा सलग वेळ मला अप्पांबरोबर आधी कधी मिळाला नव्हता.

आपल्यापैकी काहींच्या घरी ते कागद अजून असतील. २०२१ च्या पुरातून वाचलेलेही असतील. एक विनंती आहे. आठवण म्हणून ते कपाटात ठेवू नका. त्याची झेरॉक्स काढून हल्लीच्या डॉक्टरांना द्या. त्यातली गोळ्यांची नावं जुनी झाली असतील, पण पेनिसिलीन कुणाला चालत नाही ती नोंद अजून कामाची आहे.