थोडीशी ऊब आणि यमालचा टुंड्रा

हे यमाल द्वीपकल्प, रशियाच्या पार उत्तरेला, साधारण 700 किलोमीटर लांब. दक्षिणेचं टोक सोडलं तर इथे उभं झाड शोधून सापडत नाही. आपल्याला वाटतं थंडीमुळे झाडं नाहीत, पण पूर्व सायबेरियातल्या याकुतियात हिवाळा इथल्यापेक्षा कडक असतो आणि तरी तिथे लार्च या सूचिपर्णी झाडाची जंगलंच्या जंगलं आहेत. खरी अडचण उन्हाळ्याची आहे. इथला उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, जुलैचं सरासरी टेम्परेचर बहुतेक ठिकाणी 10 अंशांच्या वर जात नाही आणि एवढ्याशा उबेत झाडाला खोड वाढवायला जमतच नाही. बर्च हा थंड प्रदेशातला वृक्ष इथेही आहे बरं का, पण उघड्या माळावर तो जमिनीला चिकटून पसरतो, जेमतेम घोट्याएवढा, कारण वारा तिथे कमी लागतो.

खालची जमीन कायमची गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, कुठे अर्धा मीटर कुठे जरा जास्त, आणि ते पाणी खाली मुरूच शकत नाही, म्हणून पाऊस कमी असूनही जिकडे बघावं तिकडे तळी, दलदल आणि डासांचे थवे. मग पक्षी येतात. उरण, शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात जे इवलेसे लिटल स्टिंट दिसतात ना, त्यांची अंडी सायबेरियाच्या अशाच टुंड्रावर घातली जातात.

आणि इथे नेनेत्स लोक राहतात, रेनडिअर पाळणारे. चूम नावाचा त्यांचा तंबू, लाकडी खांब आणि वर रेनडिअरची कातडी, उकलायचा, स्लेजवर टाकायचा आणि निघायचं. उन्हाळ्यात कळप उत्तरेला, समुद्राच्या वाऱ्यावर, कारण तिथे डास कमी, आणि हिवाळ्यात परत दक्षिणेला. हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं लायकेन खातं, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भाऊबंद. ते वर्षाला फक्त काही मिलिमीटर वाढतं, त्यामुळे एकदा चरलेली जागा भरून यायला खूप वर्षं लागतात. नेनेत्स एका जागी थांबत नाहीत त्याचं एक मोठं कारण हे आहे आणि मला वाटतं जमिनीची इतकी नीट समज फार कमी लोकांकडे असेल.

त्यांना थंडीची भीती नाही. भीती आहे ती अवेळी येणाऱ्या उबेची. नोव्हेंबर 2013 मध्ये दक्षिण यमालमध्ये बर्फावर पाऊस पडला, मग पारा एकदम घसरला आणि सगळ्या कुरणावर बर्फाचा टणक थर बसला. खुरांनी तो फुटेना. खाली चारा होता, वर रेनडिअर उभी होती आणि त्या हिवाळ्यात जवळपास 61,000 रेनडिअर उपाशी मेली, कितीतरी कुटुंबांचा अख्खा कळप गेला.

2016 च्या उन्हाळ्यात उलट झालं, पारा 35 अंशांपर्यंत चढला. 1941 नंतर यमालमध्ये न दिसलेला अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांना आणि माणसांनाही होणारा जीवघेणा रोग, परत आला. बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं की गोठलेली जमीन नेहमीपेक्षा खोल वितळली आणि जुन्या मेलेल्या जनावरांमधले जंतू वर आले. 2,000 च्या वर रेनडिअर मेली, एक बारा वर्षांचा मुलगाही गेला. रेनडिअरना या रोगाची लस द्यायचं 2007 मध्ये बंद केलं होतं, ते या साथीनंतर पुन्हा सुरू झालं.