वाट कितव्या वर्षी फुटते?

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत 'युरोपातील शाळा' असा विषय छापलाय. एवढ्या विषयाला एक तास म्हणजे थट्टाच आहे. एकट्या जर्मनीत सोळा राज्यं आणि शिक्षण प्रत्येक राज्याच्या अखत्यारीत. ब्रिटन म्हणावं तर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, चौघांचा कारभार वेगळा. तेव्हा कुठे गणवेश आहे, कुठे गृहपाठ नाही, सुट्ट्या किती, ही जंत्री मी देणार नाही. तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट मिळतो, आणि त्यातला निम्मा फिनलंडचा असतो.

मी एकच प्रश्न हातात घेऊन फिरणार आहे. गावातली सगळी मुलं कितव्या वर्षापर्यंत एका वर्गात बसतात, आणि त्यानंतर त्यांना वेगळं कोण करतं? माझ्या मते कुठल्याही देशाची शाळा समजून घ्यायची तर फळा स्मार्ट आहे का, हे नंतर बघावं. आधी हे विचारावं.

सुरुवात जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यापासून करू, कारण या सभागृहात अशी काही आजी-आजोबा मंडळी नक्की असतील ज्यांची नातवंडं म्युनिकला शिकतात. तिथं मूल सहाव्या वर्षी ग्रुंडशूलेत, म्हणजे प्राथमिक शाळेत जातं. पहिल्या दिवशी खाऊनं आणि पेन्सिलींनी भरलेला भलामोठा कागदी शंकू त्याच्या हातात देतात, फोटो काढतात, मोठा सोहळा असतो. चार वर्षं सगळी मुलं एकत्र. चौथीच्या मे महिन्यात एक दाखला मिळतो. त्यावर जर्मन, गणित आणि आपण ज्याला परिसर अभ्यास म्हणतो तो विषय, अशा तीन विषयांची सरासरी असते. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापासाचा तळ. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुमची वाट मोकळी, म्हणजे पुढे आबिटूर ही शाळेची अखेरची परीक्षा आणि विद्यापीठ. २.६६ पर्यंत रेआलशूले. त्याच्याही पलीकडे मिटेलशूले, जिला पूर्वी हाउप्टशूले म्हणत.

मूल दहा वर्षांचं आहे, हे लक्षात घ्या. अजून दुधाचे दात पडतायत. आपल्याकडे शाळेत हुशारांची 'अ' तुकडी आणि बाकीच्यांची 'क' तुकडी करत, तसाच हा प्रकार. फक्त इथं तुकड्या निरनिराळ्या इमारतींत बसतात, त्यांचे शिक्षक वेगळे, पुस्तकं वेगळी, शेवटी हातात पडणारं प्रमाणपत्रही वेगळं.

दारं अगदी बंद होतात असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सरासरी हुकली तर तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात, त्यांतून गिम्नाझियुम मिळू शकतं. रेआलशूले पुरी करून पुढच्या शाळेतून उच्च शिक्षणाकडे वळता येतं, आणि वळणारे पुष्कळ आहेत. शिवाय 'आउसबिल्डुंग' नावाची चीज आहे. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष कारखान्यात किंवा कचेरीत काम, आणि त्याचं विद्यावेतन. असे तीनशेच्या वर मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत. आपले लोक नाक मुरडतात, पण स्वित्झर्लंडमध्ये दहावीच्या वयाची बहुसंख्य मुलं हीच वाट धरतात. यूबीएस बँकेचे प्रमुख सेर्जिओ एरमोटी हे लुगानोच्या एका बँकेत पंधराव्या वर्षी असेच शिकाऊ म्हणून लागले होते. हे ऐकून घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला बँकेत बसवू नका. पण वाट सन्मानाची असली की काय होतं, ते यातून दिसतं.

आता, ही चार वर्षं आली कुठून? मेंदूच्या कुठल्या शास्त्रातून आलेली नाहीत. १९२० मध्ये वायमार प्रजासत्ताकानं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीनं, कायदा करून सगळ्या मुलांना पहिली चार वर्षं एकाच शाळेत बसवलं. त्याआधी पैसेवाल्यांची मुलं पहिलीपासूनच वेगळ्या, फी भरून चालणाऱ्या पूर्वशाळेत जात. डाव्यांना एकत्र शाळा आणखी लांब हवी होती, उजव्यांना मुळीच नको होती, आणि भाव चार वर्षांवर ठरला. राजकीय तडजोड होती ती. शंभर वर्षं झाली, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग सोडले तर अजून तोच भाव चालू आहे. त्या दोन राज्यांत सहा वर्षं आहेत.

मध्ये एक मोठा हादरा बसला. डिसेंबर २००१ मध्ये पिसा चाचणीचे पहिले निकाल आले. पंधरा वर्षांच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय चाचणी. आपण विचारवंतांचा देश, अशा समजुतीत असलेले जर्मन वाचनात सरासरीच्या खाली निघाले. पण खरी बोचणारी गोष्ट दुसरी होती. मुलाचे गुण आईबापांच्या परिस्थितीवर किती अवलंबून आहेत, हे पाहिलं तर जर्मनी सगळ्यात वाईट देशांत होता. वर्तमानपत्रांनी याला 'पिसाचा धक्का' म्हटलं, आणि हा शब्दप्रयोग तिथं अजून चालतो.

मग सुधारणा झाल्या. बालवाड्यांवर खर्च वाढला, दिवसभराच्या शाळा वाढल्या, राज्याराज्यांत समान अभ्यासनिकष आले. वाट फुटण्याचं वय मात्र जवळजवळ कुठेच हललं नाही. एका राज्यानं प्रयत्न केला, त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण अख्ख्या व्याख्यानाचं सार तीत आहे.

हॅम्बुर्ग. बंदराचं शहर, श्रीमंत, आणि स्वतःच एक राज्य. तिथं ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि ग्रीन यांचं आघाडी सरकार होतं. त्यांनी ठरवलं की प्राथमिक शाळा चारऐवजी सहा वर्षांची करायची. विरोधी बाकांवरच्या समाजवादी लोकशाहीवाद्यांनी आणि डाव्यांनीही पाठिंबा दिला. म्हणजे विधिमंडळात एकही पक्ष विरोधात नाही! तरी पालकांची एक चळवळ उभी राहिली आणि तिनं सार्वमत घ्यायला लावलं. १८ जुलै २०१० ला मतदान झालं आणि सुधारणा पडली. त्याच दिवशी महापौर ओले फॉन बॉइस्ट यांनी राजीनामा जाहीर केला. मतदानाचा नकाशा पाहण्यासारखा आहे. सधन वस्त्यांमध्ये लोक भरभरून मतदानाला आले. ज्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी हे चाललं होतं, तिथं मतदान कमी झालं, आणि तिथल्या कितीतरी आईबापांकडे जर्मन नागरिकत्व नसल्यामुळे मताचा अधिकारच नव्हता.

ज्याला आजच्या वाटणीचा फायदा आहे तो ती सोडत नाही. यात मी जर्मनांना दोष देत नाही. तुमच्या-माझ्या मुलाची गिम्नाझियुममधली जागा पक्की असती, तर आपणही त्या रविवारी लवकर आंघोळ करून मतदान केंद्रावर गेलो असतो.

आता फिनलंड. लोक तिथल्या शाळेचं वर्णन असं करतात, जणू ती बर्फासारखी आकाशातून पडली. प्रत्यक्षात साठच्या दशकापर्यंत फिनलंडचा साचा जर्मनीसारखाच होता. चार वर्षं लोकशाळा, मग दहा-अकराव्या वर्षी परीक्षा, उत्तीर्ण होणारे फी भरून माध्यमिक शाळेत, बाकीचे लोकशाळेतच पुढे. १९६८ मध्ये कायदा झाला की नऊ वर्षं सगळ्यांना एकच शाळा, 'पेरुसकोउलु'. अंमल उत्तरेकडून सुरू केला. १९७२ मध्ये आधी लॅपलंड, जिथं माध्यमिक शाळा मुळातच कमी होत्या आणि गमावण्यासारखं कुणाकडे फारसं नव्हतं. मग दरवर्षी दक्षिणेकडे सरकत १९७७ ला हेलसिंकीचा परिसर. विरोध कुठे होणार, हे ओळखून आखलेला क्रम होता तो. हॅम्बुर्गला ही सोय नव्हती. तिथं सगळं शहर एकदाच अंगावर घ्यायचं होतं.

तरीही पहिली काही वर्षं गणितात आणि परकीय भाषांत हुशार-मध्यम-कच्चे असे गट होतेच. ते १९८५ मध्ये काढले. दुपारचं मोफत जेवण १९४८ पासून सगळ्यांना मिळत होतं. शिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवी सत्तरच्या दशकात आली. हे सगळं जमून यायला दोन पिढ्या लागल्या.

सुधारणा टप्प्याटप्प्यानं झाल्यामुळे अर्थतज्ज्ञांना एक दुर्मीळ सोय मिळाली: एकाच वयाची मुलं, काही नव्या शाळेतली, काही जुन्या. त्यांनी पुढे या मुलांची कमाई बापांच्या कमाईशी ताडून पाहिली. बापाच्या आणि मुलाच्या उत्पन्नातलं नातं नव्या शाळेमुळे जवळजवळ एक चतुर्थांशानं सैल झालं होतं. माझ्या लेखी फिनलंडचा खरा पराक्रम हा आहे. पिसाचे गुण नव्हेत. ते गुण तर ओसरलेही आहेत. २००६ मध्ये गणितात ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४. २०२२ मध्ये युरोपात एस्टोनिया पुढे होता, ५१० गुण मिळवून. तिथंही नऊ वर्षं एकच शाळा.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ठरलं तर मग, उशिरा वाट फुटणं चांगलं. थांबा. त्याच २०२२ च्या चाचणीत स्वित्झर्लंडला गणितात ५०८ गुण आहेत, आणि तिथं बहुतेक प्रांतांत बाराव्या वर्षाच्या सुमारास वर्गवारी होते. सरासरी गुणांचा आणि वाटणीच्या वयाचा संबंध इतका सरळ नाही. वाटणी लवकर झाली की वरच्या आणि खालच्या मुलांमधलं अंतर वाढतं, आणि ते घरच्या परिस्थितीला जाऊन चिकटतं. सरासरी पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

आणि दुसरी अडचण मोठी आहे. परीक्षा काढून टाकली तरी वाटणी जात नाही, ती दुसऱ्या दारानं आत येते. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी 'इलेव्हन प्लस' परीक्षा होत असे. उत्तीर्ण झाला तर ग्रामर स्कूल, नाही तर सेकंडरी मॉडर्न. १९६५ मध्ये मजूर सरकारनं परिपत्रक काढून सर्वांसाठी एकच शाळा करायला सांगितलं. गंमत म्हणजे पुढे सर्वाधिक एकत्रित शाळांना मंजुरी देणाऱ्या शिक्षणमंत्री होत्या विरोधी हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर! आज इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल उरलीत. केंट, बकिंगहॅमशायर अशा परगण्यांत परीक्षा अजून होते आणि तिच्या शिकवण्यांचा धंदा जोरात चालतो. बाकी देशात परीक्षा गेली आणि पत्ता आला. शाळा जवळच्या मुलांना आधी घेते, म्हणून चांगल्या शाळेभोवतीची घरं महाग होतात, आणि ज्याला घर परवडतं त्याचं मूल आत जातं. परीक्षेत निदान गरिबाचं एखादं पोर उत्तीर्ण होत होतं, असं जुने लोक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखंही वाटत नाही.

फ्रान्सनं १९७५ मध्ये सगळ्यांसाठी एकच 'कॉलेज' केलं, म्हणजे आपली सहावी ते नववी समजा. कागदावर समता झाली. जाणत्या पालकांनी मुलाला पहिली परकीय भाषा म्हणून जर्मन घ्यायला लावली किंवा लॅटिन घ्यायला लावलं. जर्मन महाकवी गटेवर प्रेम म्हणून नव्हे! ते विषय घेणारी मुलं एका वर्गात येतात आणि तो वर्ग चांगला निघतो म्हणून. कुठल्या शाळेत कुठल्या थरातली मुलं आहेत, हा निर्देशांक सरकार दडवून ठेवत होतं. न्यायालयाच्या निकालानंतर २०२२ मध्ये तो जाहीर करावा लागला.

स्वीडननं १९९२ मध्ये पालकाला शाळा निवडायची मोकळीक दिली, पैसा मुलामागोमाग शाळेत. नफा कमावणाऱ्या कंपन्या सरकारी पैशावर शाळा चालवू लागल्या. प्रवेश प्रतीक्षायादीनं, म्हणून माहीतगार आईबाप बाळ जन्मलं की नाव नोंदवून टाकतात. नव्यानं देशात आलेल्या कुटुंबाचं मूल त्या रांगेत कुठे उभं राहणार?

नेदरलँड्समध्ये बाराव्या वर्षी वाट फुटते, आणि तिथला वाद वेगळाच आहे: निर्णय चाचणीनं घ्यावा की वर्गशिक्षकानं? २०१५ पासून शिक्षकाच्या शिफारशीला चाचणीहून जास्त वजन आलं. शिक्षक मुलाला आठ वर्षं बघत असलेल्या शाळेतला, हे खरं. पण तो घरही बघतो. 'घरी मदत करणारं कुणी नाही, झेपणार नाही' असा विचार करून सावधपणे खालची शिफारस लिहितो, तीही भल्याच हेतूनं. २०२० मध्ये साथीमुळे चाचणी रद्द झाली, आणि शिफारस वर सरकवून घ्यायची संधीच गेली. आता नियम असा आहे की चाचणीचा निकाल वरचा आला तर शिफारस वाढवायची. न वाढवायची तर शाळेनं कारण द्यायचं. परीक्षेला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

इटलीबद्दल एकच गोष्ट सांगतो. तिथं १९७७ च्या कायद्यानं अपंग मुलांना सर्वसाधारण वर्गात बसवलं, मदतीला जादा शिक्षक दिला. त्यामुळे विशेष शाळा जवळपास उरल्याच नाहीत. जर्मनीत त्या आजही हजारोंनी आहेत. ज्या देशातली शाळा शिस्तीबद्दल आणि इमारतींबद्दल फारशी कुणी वाखाणत नाही, त्या देशानं हे जवळजवळ अर्धशतकापूर्वी करून टाकलं.

शेवटचा पोलंड. १९९९ मध्ये त्यांनी आठ वर्षांची प्राथमिक शाळा सहा वर्षांवर आणली आणि मध्ये तीन वर्षांचं 'गिम्नाझ्युम' घातलं, सगळ्यांसाठी एकच. जर्मन गिम्नाझियुमशी नाव सोडून त्याचा संबंध नाही. वाट फुटायचं वय एक वर्षानं पुढे गेलं. पुढच्या पिसा फेऱ्यांत गुण चढले, विशेषतः खालच्या मुलांचे. जगभरचे तज्ज्ञ वाखाणू लागले. आणि २०१७ मध्ये नव्या सरकारनं ही शाळाच बंद करायला घेतली. त्या शाळांत दंगामस्ती फार, मुलांना अडनिड्या वयात शाळा बदलावी लागते, अशा तक्रारी होत्या. लोकांनाही जुनी आठ वर्षांची शाळा आठवत होती. २०१९ च्या उन्हाळ्यात जुन्या पद्धतीची शेवटची तुकडी आणि नव्या पद्धतीची पहिली तुकडी एकाच वेळी लिसेच्या, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेच्या, प्रवेशाच्या रांगेत आली, त्याच वसंतात शिक्षकांचा देशव्यापी संप होऊन गेला होता, आणि मोठ्या शहरांत चांगले गुण असलेली मुलंही पहिल्या यादीत कुठेच न लागता घरी बसली.