रात्रीचं रक्त

श्रोते हो, नमस्कार.

हत्तीरोग म्हटलं की सुजलेला पाय डोळ्यांसमोर येतो. आज मात्र आपण बोलणार आहोत रक्ताच्या एका थेंबाविषयी, आणि तो थेंब किती वाजता घेतला त्याविषयी. गोव्यात घरोघर गोळ्या खाऊ घालण्याच्या फेऱ्या थांबल्या आहेत. रोगी विरळ झाले की सारा भार चाचणीवर येतो. मग तीच चाचणी नव्यानं पारखून घ्यावी लागते.

त्यासाठी एक जुनी गोष्ट ऐका.

दक्षिण चीनमध्ये आमॉय नावाचं बंदर आहे. तिथं चिनी जकात खात्याच्या नोकरीत पॅट्रिक मॅन्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर होते. १८७२ साली आपल्या कलकत्त्यात टिमथी ल्युईस यांनी माणसाच्या रक्तात फायलेरियाची, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताची, पिल्लं पाहिली होती. आपली आरोग्य खात्याची मंडळी त्यांना 'एमएफ' म्हणतात, म्हणजे मायक्रोफायलेरिया. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. ताज्या थेंबावर काच ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर आधी पिल्लू दिसत नाही, हलणाऱ्या तांबड्या पेशी दिसतात. गर्दीतून कुणी कोपरानं वाट काढावी तशा त्या बाजूला सरतात आणि मधून एक बारीक दोरा वळवळत जातो.

मॅन्सननी दोन मदतनीस शिकवून तयार केले आणि आमॉयच्या लोकांचं रक्त तपासायला घेतलं. एक मदतनीस दिवसा काम करी, दुसरा रात्री. दोघांचे आकडे काही केल्या जुळेनात. रात्रीवाल्याला पिल्लं भराभर सापडत, दिवसावाल्याला क्वचितच. अशा वेळी कुणाच्याही मनात पहिला संशय येतो तो माणसाचा: एकाची नजर तयार आहे, दुसऱ्याची कच्ची. पण इथं नजरेचा दोष नव्हताच. एकाच रोग्याचं रक्त ठरावीक तासांनी दिवसरात्र काढून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. तिन्हीसांजेनंतर पिल्लं रक्तात दिसू लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची गर्दी होते, उजाडता उजाडता ती नाहीशी होतात. दिवसभर ती फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत असतात, हे पुढं कळलं. बोटाला टोचून तिथलं रक्त थोडंच मिळणार?

पुन्हा सांगतो: माणूस तोच, रोग तोच, काच तीच. बदलली ती फक्त घड्याळातली वेळ.

त्याआधी, १८७७ साली, मॅन्सननी आपल्या हिन लो नावाच्या माळ्याला डास चावू दिले होते. त्याच्या रक्तात फायलेरिया होता. त्याचं रक्त प्यायलेले डास उघडून पाहिले, तर पिल्लं त्यांच्या अंगात वाढताना दिसली. मग कोडं सुटलं. क्युलेक्स डास रात्री चावतो आणि पिल्लंही रात्रीच कातडीखालच्या रक्तात येतात.

आणि १८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रोग्याला दिवसा झोपवलं, रात्री जागवलं. काही दिवसांत पिल्लांनीही आपली वेळ उलटी केली! म्हणजे त्यांचं घड्याळ भिंतीवरचं नाही, ते माणसाच्या झोपेचं आहे. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

आता आजच्या चाचण्या. रात्रीच्या रक्तपट्टीसाठी, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या रक्तासाठी, बोटातून २० मायक्रोलिटर, किंवा तीन रेघा ओढून ६० मायक्रोलिटर रक्त घेतात. समजा एका माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात दहाच पिल्लं आहेत. ६० मायक्रोलिटरमध्ये सरासरी अर्ध्याहून थोडं जास्त पिल्लू येणार. म्हणजे अशा शंभर पट्ट्यांतल्या पंचावन्न रिकाम्या निघतील. २० मायक्रोलिटरच घेतलं तर ब्याऐंशी रिकाम्या. तपासणारा कितीही निष्णात असो, काचेवर जे आलंच नाही ते त्याला दिसणार कसं? आणि रोग ओसरताना मागं उरतात ती अशीच, अंगात थोडी पिल्लं असलेली माणसं.

दुसरी चाचणी फायलेरिया टेस्ट स्ट्रिपची. ती पूर्ण वाढलेल्या जंताचं प्रतिजन, म्हणजे त्याच्या अंगातून रक्तात सुटणारा पदार्थ, पकडते, म्हणून दिवसा केली तरी चालते. बोटातून ७५ मायक्रोलिटर रक्त, किटमधल्याच नळीनं, बुडबुडा येऊ न देता, पट्टीवर सावकाश सोडायचं. बोट थेट पट्टीवर टेकवायचं नाही. वेळ लगेच ट्रेवर लिहायची आणि बरोबर दहाव्या मिनिटाला वाचायची. दहाव्या म्हणजे दहाव्या! चहा घेऊन पंचविसाव्या मिनिटाला पाहिलं, तर निरोगी माणसाच्या पट्टीवरही फिकट रेघ उमटलेली असू शकते. नियंत्रणाची रेघ, म्हणजे चाचणी नीट चालल्याची खूण, आलीच नाही, तर ती पट्टी बाद. दोघांनी वेगवेगळं वाचून मग ताडून पाहावं.

आता एक हिशेब, हळू ऐका. चाचणी शंभर रोग्यांतल्या पंचाण्णवांना पकडते आणि शंभर निरोगी माणसांतल्या एकालाच चुकून रोगी म्हणते. चाचणी उत्तमच आहे. दहा हजारांत हजार जण रोगी असताना ती ९५० खरे दाखवील आणि ९० खोटे. पण त्याच दहा हजारांत दहाच रोगी उरले, तर खरे नऊ-दहा, खोटे शंभर. चाचणी तीच, पण अकरा पॉझिटिव्हमधले दहा खोटे! म्हणून एका रेघेवर कुणाच्या घरी रोग जाहीर करू नये. दुसऱ्या पट्टीवर चाचणी पुन्हा करावी, रात्रीचं रक्त घ्यावं.

मात्र रात्रीचं रक्त निरंक आलं म्हणून टेस्ट स्ट्रिप खोटी, असंही म्हणता येत नाही. औषधानं पिल्लं मेली तरी जंत जिवंत राहू शकतो आणि त्याचं प्रतिजन बराच काळ रक्तात सापडतं. नवी चाचणी जुन्या रक्तपट्टीशी ताडून पाहणारे इथंच फसतात. जुनीच अर्धे रोगी सोडत असेल, तर नवीनं पकडलेला खरा रोगीही खोटा ठरतो. म्हणून संसर्ग चालू आहे का, हे पाहायला सहा-सात वर्षांची मुलं तपासतात. गोळ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलाच्या रक्तात प्रतिजन सापडलं, तर ते जुनं असूच शकत नाही.

जाता जाता एक सांगतो, विषय थोडा सुटला तरी चालेल. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा. क्युलेक्स तिथून आत जातो आणि अंडी घालतो. वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या फ्लॅटांच्या टाक्यांकडे तर कुणी पाहतच नाही. जाळीचा तुकडा आणि तार, दहा मिनिटांचं काम आहे.

आता मॅकेन्झींच्या रोग्याकडे परत येऊ. रात्री पथक येतं, साडेआठनंतर दार वाजवतं. पण भल्या रात्री भट्टी पेटवणारा पोदेर, म्हणजे पाववाला, मांडवीतल्या कॅसिनोत रात्रपाळी करणारा मुलगा, इमारतीचा रखवालदार, मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर पहाटे मासळी उतरवून दुपारी झोपणारा खलाशी, यांच्या रक्तातली पिल्लं त्या वेळी वर असतीलच असं नाही. एखाद-दुसऱ्या जागरणानं चक्र उलटत नाही, पण महिनोन्‌महिने रात्रपाळी करणाऱ्याचं उलटतं. म्हणून नोंदवहीत 'रक्त घेतल्याची वेळ' या रकान्याशेजारी 'झोपतो केव्हा' असा एक रकाना पेन्सिलीनं का होईना आखून घ्या. आणि त्या खलाशाचं रक्त दुपारी, तो झोपेत असताना उठवून घ्या.

नमस्कार.