ताऱ्याचा कस

चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाणारा रस्ता, जानेवारी महिना, रात्रीचे साडेदहा. मागे जी घरघर ऐकू येतेय ती मोटारीची आहे, शेतीला लाईट बऱ्याचदा रात्रीची मिळते ना, त्यामुळे शेजारच्या मळ्यात गव्हाला पाणी भरणं चाललंय. आपल्याला चालतंय. त्यांनी बॅटरी आपल्याकडे मारली नाही म्हणजे झालं.

सोबत मामा आलेत. मामांची चाळीस वर्षं जळगावच्या सराफ बाजारात गेली, कॅमेऱ्यासमोर यायला काही तयार नाहीत, म्हणून फक्त आवाज घ्या म्हणाले. मळ्यात पाय ठेवला, वर बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "भाचा, हाऊ तारा तांबडा शे, का मन्हाच डोया बिघडनात?"

डोळे ठीक आहेत मामांचे. तो काक्षी, मृगातला, इंग्रजीत बीटलज्यूस. खरंच तांबूस आहे, आणि मृगातच खाली दुसऱ्या कोपऱ्यात राजन्य बघा, रायजेल, तो निळसर पांढरा. कारण सरळ आहे, काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार केल्विन, राजन्याचा बारा हजाराच्या आसपास. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पांढरं, तसंच हे. फक्त आपल्या डोक्यात लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे थंड असं बसलंय ते नळाच्या तोटीमुळे, आभाळात बरोबर उलटं.

पण आता एक गंमत करा, काक्षी सोडा आणि त्याच्या आजूबाजूचे बारीक तारे बघा. सगळे पांढरट, हो ना? रंग त्यांनाही आहेत, पण अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळतच नाही. म्हणजे नुसत्या डोळ्याने रंग दिसणारे तारे मोजकेच. आणि ज्या ताऱ्यांची आज गोष्ट आहे ते तर आपल्याला दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्यापेक्षाही जवळपास २५ लाख पट मंद आहेत. त्यांचा रंग बघायचा कसा?

इथे मामांचा धंदा कामाला आला.

(पडद्यावर कसोटीचा काळा दगड, त्यावर सोन्याच्या दोन रेघा)

मामांनी खिशातून दगड काढला, रिटायर झाले तरी दगड खिशात, काय बोलणार. गिऱ्हाइकाचं सोनं दगडावर घासून रेघ ओढायची आणि शेजारी, ज्याचा कस आधीच पक्का माहीत आहे अशा सोन्याची रेघ. एकट्या रेघेला अर्थ नाही म्हणे. पिवळं तर पितळ पण दिसतं. दोन रेघा शेजारी आल्या की मग नजर बोलते.

ताऱ्यांचं अगदी हेच. दुर्बिणीसमोर रंगीत काच म्हणजे फिल्टर लावायचा, तारा त्यातून किती उजळ दिसतो ते मोजायचं, मग फिल्टर बदलून पुन्हा मोजायचं, आणि एका आकड्यातून दुसरा वजा. खगोलवाल्यांच्या भाषेत रंग म्हणजे ही वजाबाकी, एवढंच! १९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी याची पद्धत बसवून दिली, त्यात अभिजितसारख्या पांढऱ्या ताऱ्यांचा रंग शून्य धरला, ही झाली माहितीतली रेघ. निळ्यातून हिरवट-पिवळा वजा केला की राजन्य येतो उणे ०.०३, आपला सूर्य ०.६५, रोहिणी १.५४ आणि काक्षी १.८५. ताऱ्यांच्या प्रतीत, म्हणजे उजळपणाच्या आकड्यात, मंद तारा म्हणजे मोठा आकडा असला उलटा हिशोब आहे, म्हणून तांबडा तारा अधिककडे जातो. मला स्वतःला हे डोक्यात बसायला दोन महिने लागले, तुम्हाला लगेच नाही कळलं तर टेन्शन घेऊ नका.

आता दगडाच्या जागी मशीन आणा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये अपाची पॉइंटला अडीच मीटरची दुर्बीण आहे, स्लोन सर्व्हे या आभाळाच्या पाहणीची, २००० साली काम सुरू झालं. तिच्या कॅमेऱ्यात फोटो घेणाऱ्या ३० मुख्य चिप, सहा रांगा आणि प्रत्येक रांगेत पाच, पाचही जणींवर वेगळा फिल्टर. यू म्हणजे अतिनील, जी हिरवा, आर तांबडा, आणि आय, झेड हे डोळ्याच्या पलीकडे अवरक्तात जाणारे. आभाळ कॅमेऱ्यावरून सरकत जाऊ द्यायचं, तारा पाचही चिपवरून एकामागे एक जाणार, प्रत्येकीवर साधारण ५४ सेकंद. फिल्टर काढा-घालायची भानगडच नाही. अशा पद्धतीने २००९ पर्यंत जवळपास एक तृतीयांश आभाळ झालं आणि यादीत ४० कोटींहून जास्त वस्तू आल्या.

वस्तू म्हणतोय, तारे नाही, कारण त्यात दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे मोठे समूह, पण आल्या. दीर्घिका जरा पसरट दिसते आणि तारा टिंब, त्यावरून पहिली वाटणी होते. खरी मजा टिंबांची आहे.

(पडद्यावर आलेख, टिंबं हळूहळू भरत जातात)

आडवं जी वजा आर, उभं आर वजा आय, आणि लाखभर तारे टाका. वाटतं सगळीकडे पसरतील. नाही पसरत! एका अरुंद वाटेवर ओळीने येऊन बसतात, आपल्या कन्नड घाटातल्या रस्त्यासारखे. तारा कसा दिसणार हे मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतं म्हणून वाट एकच. आणि वळण बघा कुठे आहे. जी वजा आर साधारण १.४ ला पोचलं की आकडा पुढे सरकायलाच तयार नाही, वाट सरळ वर चढते. तिथून लाल बटू, म्हणजे छोट्या थंड ताऱ्यांचं राज्य. त्यांचं वातावरण इतकं थंड की तिथे टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकतात आणि ते दृश्य प्रकाशाचे मोठमोठे पट्टे गिळून टाकतात, त्यामुळे तारा थंड होत गेला तरी तो एक रंग अडकून बसतो. आपल्या आकाशगंगेत सगळ्यात जास्त संख्या याच गरिबांची, आणि नुसत्या डोळ्याला त्यातला एकही दिसत नाही.

वाटेवर नाही तो संशयित. यू वजा जी फारच कमी आलं, म्हणजे अतिनीलात भलताच उजेड, तर तो पांढरा बटू, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा गरम गाभा असेल, नाहीतर क्वेसार. क्वेसार म्हणजे लांबच्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर, पदार्थ गिळताना पेटलेलं, पण इतकं दूर की फोटोत ताऱ्यासारखं टिंब. १९६३ मध्ये मार्टन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या टिंबाचा वर्णपट, म्हणजे फोडलेल्या प्रकाशाचा पट्टा, वाचला तेव्हा कळलं की हा तारा नाहीच.

आणि मग फसवाफसवी. विश्व पसरतंय म्हणून क्वेसार जितका लांब तितका त्याचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, आणि सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या क्वेसारचे रंग नेमके घाटातल्या रस्त्यावर येऊन बसतात, साध्या पांढऱ्या-पिवळसर ताऱ्यांच्या गर्दीत. अजून लांबचे, १२ अब्जांच्या पुढचे, तर तपकिरी बटूसारखे दिसतात. तपकिरी बटू काही डझन प्रकाशवर्षांवरचा, अर्धवट राहिलेला तारा, आणि रंग दोघांचे सारखे! हे ऐकून मामा हसायलाच लागले, म्हणाले तांबं मिसळलेलं असंच फसवतं, म्हणून नुसती रेघ बघून मोठा सौदा करायचा नसतो, तेजाबाचा थेंब टाकायचा, आता तर शुद्धता मोजणारं टंच मशीन आलंय.

ताऱ्याचा तेजाब म्हणजे वर्णपट. प्रकाश फोडून त्यातल्या काळ्या रेषा वाचायच्या. हार्वर्डला ॲनी जंप कॅनन यांनी याच रेषा बघून साडेतीन लाखांच्या आसपास तारे हाताने वर्गात बसवले, ओ, बी, ए, एफ, जी, के, एम, अतितप्त ते थंड. आणि त्या रेषांमागे तापमान आहे हे गणिताने पक्कं करणारं समीकरण १९२० मधलं, मेघनाद साहांचं. आपल्याकडे शाळेत हे नाव एका ओळीत संपतं, याचा मला दर वेळी राग येतो.

पण वर्णपट महाग पडतो. स्लोनवाले ॲल्युमिनियमच्या मोठ्या चकतीला ६४० भोकं पाडायचे, निवडलेल्या प्रत्येक टिंबाच्या जागी एक, आणि माणसं बसून हाताने एकेका भोकात प्रकाश वाहून नेणारी फायबर खोचायची. ४० कोटींतून ६४० कोणते? ते रंगावरून ठरायचं.

एक चूक अजून राहिली, धुळीची. मे महिन्यात वावटळ उठली की आपल्याकडे मावळता सूर्य कसा लालभडक होतो, तसं आकाशगंगेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, आणि मागचा गरम तारा उगाच तांबडा दिसतो. म्हणून आधी धुळीचा नकाशा लावून आकडा दुरुस्त करावा लागतो.

ही जागा मी उगाच नाही निवडली. इथल्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या डोंगराखाली पोरं ग्रहांची गणितं करत बसायची. ताऱ्यांचे रंग त्यांच्या अभ्यासात नव्हते, पण आकडे होतेच.

आता चिलीमध्ये सेरो पाचोनला रुबिन वेधशाळा सुरू झालीय, ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सलचा कॅमेरा, पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले. फिल्टर सहा, पण कॅमेऱ्यात एका वेळी पाचच बसतात. मामांनी लगेच विचारलं, मग कोणता बाहेर ठेवतात? चांदणं असलं की बहुतेक यू बाहेर, कारण चंद्राचा प्रकाश हवेत पसरून निळ्या बाजूला आभाळ उजळवून टाकतो आणि मंद टिंबं त्यात बुडतात.

आज वद्य अष्टमी. बारा वाजून गेले, गव्हाच्या पलीकडे बघा, अर्धा चंद्र वर आलाय, आणि स्क्रीनवरचं निळं आभाळ पांढरट व्हायला लागलंय. मोटार चालूच आहे. मामा दगड खिशात टाकून गाडीत जाऊन बसलेत.