आर्टेमियाची अंडी आणि आपली दमट हवा

नमस्कार श्रोतेहो. फायटर किंवा एंजल माशांची पिल्लं पोहायला लागली की पहिला प्रश्न येतो: एवढ्याशा तोंडाला घालायचं काय? आर्टेमिया घाला. कोळंबीच्या गोतातला, खाऱ्या पाण्यातला हा जीव. त्याचं नुकतं फुटलेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नारिंगी आणि सतत हलणारं. हलतं म्हणूनच माशाचं पिल्लू त्याच्यावर झेपावतं. गटारातले ट्युबिफेक्स किडे मात्र आणू नका, त्यांच्याबरोबर रोग येतो. आणि मासा गोल काचेच्या भांड्यात ठेवू नका. ते त्याचं घर नव्हे.

आता या अंड्याची गोष्ट. एप्रिल १९७२. अपोलो १६ चंद्राकडे निघालं, तेव्हा तीन अंतराळवीरांबरोबर आर्टेमियाची सुकी अंडीही निघाली. बायोस्टॅक नावाचा एक डबा होता. त्यात अंड्यांचा एक थर, त्यावर अंतराळातून येणाऱ्या कणांची वाट टिपून ठेवणारा पातळ थर, पुन्हा अंडी, पुन्हा तो थर, अशी चळत. कण कुठल्या अंड्यातून आरपार गेला, ते नेमकं हुडकता यावं म्हणून. परत आल्यावर दिसलं, की एकाच जड कणाचा घाव बसलेल्या अंड्यांचीही वाढ बिघडली होती. त्याच वर्षी डिसेंबरात अपोलो १७ मधूनही अंडी गेली. हीच अंडी का? कारण सुक्या अंड्यातलं जगणं थांबलेलं असतं. त्याला खाणं नको, पाणी नको. ट्रेहॅलोज नावाची साखर पाण्याच्या जागी बसून आतली रचना सांभाळते.

मग चंद्रापर्यंत जाणारं अंडं आषाढात आपल्या फडताळात का मरतं? अर्धवट ओलीमुळे. दमट हवा लागली की अंडं जागं होतं, शिदोरी खर्च करतं आणि फुटायच्या वेळी त्याच्यात बळ उरत नाही. म्हणून आगोटीला सुकट जशी घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, तशी ही अंडी भरा. आठवड्याला लागतील तेवढी लहान बाटलीत, बाकीची ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये. फ्रिजमधला डबा बाहेर काढल्याबरोबर उघडू नका, आत दव धरतं. पुन्हा सांगतो, ओल लागू देऊ नका.

कृती सोपी आहे. दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापा आणि ती उलटी टांगा. एक लिटर पाणी, क्लोरीन उडालेलं. त्यात २५ ग्रॅम मीठ, काट्यावर तोलून. खडेमीठ घ्या. शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ज्या मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ते जाडं मीठ स्वयंपाकघरातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. चिमूटभर खाण्याचा सोडा, मग एक ग्रॅम अंडी. हवेची नळी थेट बुडापर्यंत, म्हणजे खाली आलेल्या तोंडापर्यंत सोडा, हवेचे बुडबुडे बारीक करणारा एअरस्टोन नको. बारीक बुडबुड्यांचा फेस अंडी वर काठाला नेऊन चिकटवतो. दिवा जवळ लावा. पाणी २८ अंशांवर असेल तर चोवीस तासांत पिल्लं फुटतात, थंडीत छत्तीस तासही लागतात. वीज गेली की अंडी तळाशी बसून गुदमरतात, म्हणून बॅटरीचा पंप हाताशी ठेवा.

काढताना हवा बंद करा आणि उजेड बुडाकडे धरा. दहा मिनिटं थांबा, जास्त नको. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात. तळाचा थोडा गाळ आधी सोडून द्या, मग नारिंगी ढग नळीने दुहेरी सुती रुमालावर घ्या आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं टाकीत जाता कामा नयेत, ती पिल्लांच्या आतड्यात अडकतात.

आणि लगेच खायला घाला. सात-आठ तासांत आर्टेमियाच्या पिल्लांच्या पोटातला बलक संपतो, मग माशाच्या पदरात फार काही पडत नाही. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, तेव्हा पाच मिनिटांत संपतील एवढीच घाला, दिवसातून तीनदा.