रातपाळीची नानकटाई

नमस्कार श्रोतेहो. आज १२ मे. फ्लॉरेन्स नायटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणून जगभर परिचारिका दिन पाळतात. माझ्या घरात कालपासून वेलचीचा वास भरून राहिलाय. नानकटाईचे चार घाणे काढलेत.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. कितीतरी वर्षं मुक्कामी गाडीवर. रात्री गाडी शेवटच्या गावाला लागायची आणि पहाटे तीच परत फिरायची. गावातलं कुणीतरी ड्रायव्हर-कंडक्टरला पिठलं-भाकरी आणून द्यायचं. त्या घरांची नावं यांना शेवटपर्यंत पाठ होती.

त्यामुळेच असेल, दवाखान्यातल्या त्या ३९ दिवसांत, रात्री दोनला सिस्टर सलाईन बदलायला आल्या की हे खोल गेलेल्या आवाजात विचारायचे, "ताई, जेवलात का?" स्वतःच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं तेव्हासुद्धा. एका पहाटे झाडू मारायला आलेल्या मावशींनी हात धुतले, माझ्याकडून फणी मागून घेतली आणि यांचे केस विंचरून दिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं कामही नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण जेवले, पान वाढलं, तरी मनाला काही पुरेना. मग नानकटाई आठवली. दर मे महिन्यात मैदा, साखर, साजूक तूप डब्यांत भरून हे बेकरीत जायचे आणि भट्टीपाशी उभं राहून ट्रे भरून घ्यायचे. मी ती घरच्या ओव्हनमध्ये करते. वाटीभर थिजलेलं तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचं, पांढरंशुभ्र होईपर्यंत. हात भरून येतो, पण थांबायचं नाही. वाटीत पाणी घेऊन त्यात थेंबभर टाकायचं. तरंगलं की झालं. मग वाटीभर पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन, चिमूटभर सोडा, वेलची. १६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते, म्हणून परत आत ढकलू नका. गार झाली की खुटखुटीत होते. हवाबंद डब्यात पंधरा दिवस टिकते आणि दोन पेशंटांच्या मधे उभ्या-उभ्या तोंडात टाकता येते. वॉर्डात हे फार महत्त्वाचं.

पहिल्या वर्षी मी चुकले. सकाळी अकराला त्या वॉर्डात गेले, काउंटरवर मोठा डबा ठेवला आणि हात जोडून आले. चार दिवसांनी रातपाळीच्या सिस्टर बाजारात भेटल्या. त्यांना डब्याचा पत्ताही नव्हता. मावशींना, वॉर्डबॉय मामांना तर नव्हताच. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला असणार, त्यात कुणाचा दोष नाही. पण जिने फणी मागून घेतली, तिलाच काही मिळालं नाही, हे मला फार लागलं.

तेव्हापासून मी माणसागणिक पाकीट करते. सहा-सहा नानकट्या, वर नाव. आणि जाते रात्री नऊनंतर, पाळी बदलल्यावर. दिवसपाळीची पाकिटं सिस्टरांकडे ठेवते. पैसे देऊ नयेत असं मला वाटतं. ते घेताना माणूस अवघडतो. नाव घातलेलं पाकीट मात्र हातात धरून ठेवतो. मामांनी गेल्या वर्षी ते फोडलंच नाही. शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "पोरीला दाखवतो, माझं नाव लिहिलंय."

तुमच्या घरचं कुणी असं गेलं असेल, तर त्या वॉर्डातल्या रातपाळीची नावं आठवून बघा. आठवली नाहीत तर जाऊन विचारा. सांगतात, आनंदाने सांगतात.

आज माझी २७ पाकिटं आहेत. सव्विसांवर नावं घातलीत. वॉर्डात एक नवीन सिस्टर आल्यात म्हणे, त्यांनी यांना पाहिलेलंही नाही. त्यांचं नाव विचारायचं आहे, म्हणून पिशवीत पेन टाकलंय. नमस्कार.